आर्वीची दुपारची गोळी

सन २०२३. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. आधार कार्डाच्या हिशेबाने एकोणसत्तर, पण ते कार्ड काढणाऱ्या पोराचं गणित, माझं नाही. त्या वर्षी माझ्या नातीवर नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात औषधाची चाचणी झाली. ती साडेचार वर्षांची होती. आता ती मोठ्या शाळेत जाते, भांडते, पाढे म्हणते. दवाखान्याच्या बाकड्यावर माझ्यासारखी म्हातारी माणसं नातवाचा हात घट्ट धरून बसलेली दिसतात, येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सकडे चोराकडे पाहावं तसं पाहतात. त्यांच्यासाठी हे लिहितो. मला कुणी लिहायला लावलेलं नाही आणि कुणी लिहून दिलेलंही नाही. अक्षर माझं आहे, चूक असेल तर तीही माझी.

आमचं घर

मी चौथी पास. भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर चाळीस वर्षं काढली. सातरा म्हणजे मोठं मोकळं पटांगण. तिथे लाल मिरची वाळत घालतात, बाया देठ खुडतात आणि पोती भरून माल बाहेरगावी जातो. माझं काम पारखीचं. पोत्याचं तोंड उघडलं की वर सगळ्यांचीच मिरची चांगली असते. मी पार तळापर्यंत हात घालायचो. खालून पांढरी पडलेली फटकी निघाली की पोतं परत. रंगावर माझा भरवसा नाही, वासावर अर्धा. बी दाताखाली फोडून जिभेवर ठेवल्याशिवाय मी मालाला हो म्हटलेलं नाही. व्यापारी तोंडावर शिव्या द्यायचे आणि पाठीमागे माझंच नाव सांगून माल विकायचे.

बायको गेल्यावर निलेशने, म्हणजे माझ्या मुलाने, मला नागपूरला आणलं. मानेवाड्याकडच्या ले-आऊटमध्ये त्याचं दोन खोल्यांचं घर. तो मोबाईल टॉवरच्या कामावर, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. सून पल्लवी सदर भागातल्या एका ऑफिसात. आणि नात आर्वी.

आर्वी हे वर्धेकडच्या गावाचं नाव. बारशालाच मी म्हटलं होतं, "एसटीच्या पाटीवरचं नाव ठेवता काय गा पोरीले? दुसरी झाली तर पुलगाव ठेवसान?" कुणी हसलं नाही. पल्लवीने तोंड फिरवलं. आमचं दोघांचं तिथूनच फिसकटलं, ते तसंच राहिलं.

पोरगी एका जागी म्हणून थांबत नव्हती. एक घास खाऊन टीव्हीला हात लावून यायची, मग दाराला, मग माझ्या चष्म्याला. गोष्ट सांगायला घेतली की राजा घोड्यावर बसायच्या आत ती कपाटावर बसलेली असायची. दोन शाळांनी तिला परत केलं. पहिल्या बाई म्हणाल्या, थोडी मोठी होऊ द्या. दुसरीने काहीच म्हटलं नाही, दप्तर हातात दिलं. तिसऱ्या शाळेतली बाई गरीब स्वभावाची होती, तिने ठेवून घेतलं. मी म्हणायचो, लेकरू आहे, धावणारच, निलेशही असाच होता. निलेश असा नव्हता. पण मी म्हणायचो.

मग एक दिवस फाटक उघडून ती सरळ रस्त्यावर पळाली. दूधवाल्याने मोटरसायकल नालीत घातली म्हणून वाचली. चिखल पुसत पुसत तो मला म्हणाला, "काकाजी, लेकराले बांधून ठेवा ना गा."

बांधून ठेवा, हे ऐकून पल्लवी आत जाऊन रडली. त्याच आठवड्यात त्यांनी धंतोली गाठली.

कागदावरचे चार रकाने

मीही गेलो. मला कुणी नेलं नाही, मीच चप्पल घालून दारात उभा राहिलो.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या. केस पिकलेले, रंगवलेले नाहीत. तेवढं एक मला बरं वाटलं. बाकी काही नाही. तीन खेपा झाल्या. रक्त काढलं नाही, फोटो काढला नाही. छातीला नळी लावली, उंची-वजन घेतलं आणि मग नुसते प्रश्न. आईला वेगळे, बापाला वेगळे, शाळेतल्या बाईंना देण्यासाठी वेगळा कागद. पुढे चार रकाने: कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, नेहमी. पल्लवी खुणा करत होती आणि मी वरून पाहत होतो.

मी म्हटलं, "बाई, रक्त नाई, लघवी नाई, फोटो नाई. फारम भरून बिमारी समजते काय?"

"समजते, आजोबा. हिची अशीच समजते."

"मंग फारम खोटा भरला तर बिमारीही खोटी?"

आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. पल्लवी म्हणाली, "मामाजी, चूप बसा ना थोडं." डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणूनच तीन जणांकडून भरून घेते."

चौथ्या खेपेला त्यांनी नाव सांगितलं, एडीएचडी. लक्ष टिकत नाही, अंग थांबत नाही, मनात आलं की विचार करायच्या आत पाय निघतात. मेंदूची घडणच तशी. "लाड केले म्हणून नाही आणि मारलं नाही म्हणूनही नाही," त्या म्हणाल्या. हे ऐकल्यावर पल्लवी इतकी रडली की आर्वी खेळणं टाकून तिच्याजवळ आली आणि तिच्या ओढणीने तिचं नाक पुसू लागली. मला ते रडणं खोटं वाटलं. वर्षानुवर्षं मी तिला ऐकवत आलो होतो, पोरीला वळण नाही. त्या दिवशी परक्या बाईने तिला त्यातून सोडवलं, म्हणून ती रडत होती. हे मला समजायला फार वेळ लागला.

आई-बापाची शाळा

लगेच औषध दिलं नाही. आधी आई-बापालाच शाळेत घातलं. कितीतरी शनिवार दोघं जाऊन बसत. एका वेळी एकच गोष्ट सांगा. लांबून ओरडू नका, जवळ जा, खाली बसा, डोळ्यात पाहून सांगा. केली की त्याच घडीला शाबासकी द्या. घरी येऊन पल्लवी हे सगळं भिंतीवर चिकटवायची.

मी हसलो. लेकराला काम सांगायला शाळा लागते काय? पण एक दिवस घरात कुणी नव्हतं. मी गुडघे धरून खाली बसलो, पोरीची हनुवटी धरली आणि म्हटलं, "आर्वी, चप्पल जाग्यावर ठेव."

ठेवली.

मी कुणाला सांगितलं नाही.

फरक पडला, खोटं बोलत नाही. जेवण पाच मिनिटं टिकू लागलं. पण रस्ता सुटला नाही. फाटकाला कुलूप होतं तर ती भिंतीवर चढे. बाईंनी शाळेतून तक्रारीची चिठ्ठी पाठवली.

कॅमेऱ्यासमोर

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चाचणीचं सांगितलं. हे औषध मोठ्या मुलांना देतात. इतक्या लहान मुलांना किती द्यावं, किती सोसतं, हे तेवढं पक्कं माहीत नाही. म्हणून थोड्या मुलांवर, फार थोड्या-थोड्या मात्रांत, पाहत पाहत द्यायचं. नको वाटलं तर कधीही, कारण न सांगता, सोडायचं. सोडलं तरी उपचार बंद होणार नाहीत.

सही करताना समोर कॅमेरा लावला होता. सही करायला कॅमेरा लावतात, म्हणजे उद्या कोर्टात दाखवायला.

मी विचारलं, "तुमच्या लेकराले देसाल काय हे?"

बाई म्हणाल्या, "त्याला लागलं असतं तर मीही आज तुमच्यासारखीच इथे बसून हेच विचारलं असतं."

"म्हणजे तुमाले मालूम नाई."

"पूर्ण माहीत नाही, आजोबा. माहीत असतं तर चाचणी कशाला?"

चाळीस वर्षांत कोणत्या व्यापाऱ्याने आपल्या पोत्यात फटकी आहे असं स्वतःहून सांगितलेलं मला आठवत नाही. जो स्वतः सांगतो त्याच्या पोत्यात दुप्पट असणार, असं माझं डोकं चाललं. खरं बोलणाऱ्या माणसाचाच मला जास्त संशय आला. असा मी.

घरी आल्यावर मी सुनेला बोललो. ते शब्द लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. म्हटलं, "तुले सदरले ऑफिसात जायचं हाय, म्हणून पोरीले गुंगीचं देऊन बसवून राहिली काय?"

ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मामाजी, नोकरी मी उद्या सोडते. तुम्ही फक्त एवढं सांगा, तिच्यामागे रस्त्यावर कोण पोचेल? मी की ट्रक?"

ते मला सगळ्यात जास्त झोंबलं.

पाच डबे

पाच आठवडे, पाच डबे. डब्यावर नाव नाही, नुसता आकडा. आठवड्याआठवड्याला मात्रा वेगळी आणि एका डब्यात औषधच नाही, नुसती पूड. कोणत्या, ते आम्हाला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही. कपाटाची किल्ली असलेल्या एकाच माणसाला माहीत. म्हणे, माहीत असलं की माणूस आपल्याला हवं तेच पाहतो.

"विकणाऱ्यालेच माल माईत नाई, असा सौदा मी पाह्यला नाई," मी निलेशला फोनवर म्हटलं.

"बाबा, सौदा नाई हा."

"सौदाच हाय. पोरगी आपली, माल त्यायचा."

दिवसाला दोन गोळ्या. खरं म्हणजे कॅप्सूल, आम्ही गोळीच म्हणायचो. ती उघडायची, आतली पूड चमचाभर साखर-दह्यावर टाकायची, पोरीला चाटवायची. रिकामं टरफल परत डब्यात, कारण दवाखान्यात टरफलंही मोजून घेत. सकाळची पल्लवी द्यायची. दुपारची मी, आर्वी शाळेतून आली की. मग चार वाजता दवाखान्यातून एका ताईचा फोन यायचा. बसली का? किती वेळ? जेवली का? रडली का? मी खरं खरं सांगायचो. त्यात खोटं बोलणं मला जमलं नसतं.

पहिल्या डब्यात पोरगी होती तशीच.

दुसऱ्या डब्यात ती बसली. मटाराच्या शेंगांचं टोपलं पुढे होतं, तिने एक शेंग सोलली, दुसरी सोलली आणि सगळं टोपलं संपवलं. तोंडातून शब्द नाही. एरवी दिवसभर "आबाजी, आबाजी" करून कान किटवणारी पोरगी एकदाही आबाजी म्हणाली नाही. जेवण तसंच ताटात. नखाजवळचं कातडं सोलत होती. मटार सोलणारं ते लेकरू पाहून दुसऱ्याला आनंद झाला असता. मला धडकी भरली. मी फोनवर ताईला सांगितलं. संध्याकाळी खुद्द डॉक्टरीणबाईंचा फोन आला, दुसऱ्या दिवशी बोलावलं, तपासलं, जास्त झालं तर लगेच थांबवू म्हणाल्या. त्या डब्याचा एकच दिवस उरला होता, त्याचीही गोळी त्यांनी देऊ दिली नाही.

कुणीही म्हणेल, चांगली माणसं आहेत, लक्ष ठेवतात. मी म्हटलं, स्वतःहून फोन केला, म्हणजे घाबरले. घाबरले, म्हणजे काहीतरी आहे.

तिसरा डबा

तिसऱ्या डब्याच्या पहिल्या दुपारी मी टरफल उघडलं आणि पूड पोरीच्या चमच्यात टाकायच्या आधी जिभेवर घेतली. कडवट. मी ठरवलं, हाच तो. दुसऱ्याहूनही जहाल. पुराव्यासाठी सगळीच पूड खाल्ली, वरून पाणी प्यालो. पोरीला नुसतं दही-साखर चाटवलं. टरफल डब्यात ठेवलं. संध्याकाळी पल्लवीने विचारलं, "दुपारची दिली ना?" मी म्हटलं, "दिली." तिने वहीत खूण केली.

त्या दुपारी माझी छाती धडधडली. भूक लागली नाही, डोळा लागला नाही. मी मनात म्हटलं, बघा, माझ्यासारख्या गड्याला असं होतं, तर त्या चिमण्या जिवाचं काय? आता वाटतं, लेकराच्या मापाची ती एवढीशी मात्रा. धडधडलं ते तिने, की तोंडातल्या तंबाखूच्या खर्ऱ्याने, की चोरी केल्याने, कोण सांगणार. पण तेव्हा मी पारख केली होती आणि माझी पारख चुकत नाही, हे मला पक्कं होतं.

सहा दिवस असंच. सकाळची गोळी पोटात असेपर्यंत आर्वी बरी असायची. शाळेतून हसत यायची. बाईंनी चिठ्ठी दिली होती, आज आर्वीने चित्र पूर्ण केलं. खरंच केलं होतं, एक लाल घर आणि त्याला सात खिडक्या. दुपारी दीड-दोन झाले की पुन्हा पहिल्यासारखी. मी चारच्या फोनवर ताईला सांगायचो, "नाई बसली. टेबलावर चढली. जेवण सांडलं." सगळं खरं. फक्त गोळी कुणी खाल्ली ते नाही.

सहाव्या दिवशी बर्फगोळ्याची गाडी घंटी वाजवत गेली आणि पोरगी भिंतीवरून उडी टाकून तिच्यामागे पळाली. मी अनवाणी धावलो. वळणावर एक टेम्पो जोरात ब्रेक मारून थांबला, तिच्यापासून दोन हातांवर. ड्रायव्हर खाली उतरून मला वाट्टेल ते बोलला. मी ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. आर्वी म्हणाली, "आबाजी, तुमचे पाय जळले का?"

सातव्या दिवशी मी गोळी तिला द्यायला हवी होती. तरीही मीच खाल्ली. याला हट्ट म्हणतात, दुसरं नाव नाही.

चौथा डबा मी तिला दिला. टेम्पो डोळ्यांसमोरून हलत नव्हता. चौथ्यात ती सकाळ-दुपार शांत होती, पण संध्याकाळी उगाचच रडायची आणि जेवण अर्ध्यावर आलं. पाचव्यात पुन्हा पहिल्यासारखी धावाधाव. बहुतेक तोच बिनऔषधाचा.

माझ्यासारख्यांना

इथे थोडं थांबून सांगतो. संशय घ्या. औषधावर घ्या, कागदावर घ्या, कॅमेऱ्यावर घ्या. माझा अजूनही गेलेला नाही. एवढ्याशा लेकराला हे औषध वर्षानुवर्षं दिल्यावर पुढे काय होतं, हे मी दर खेपेला विचारतो आणि बाई दर खेपेला जेवढं माहीत तेवढंच सांगतात. पण संशय तोंडाने बोला. डब्यात हात घालू नका. मी नुसतं "बंद करा" म्हटलं असतं आणि पोराने-सुनेने मान हलवली असती, तर चाचणी त्याच दिवशी बंद झाली असती, कारणही द्यावं लागलं नसतं. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ते मी ऐकलंच नव्हतं, मी कॅमेऱ्याकडे पाहत होतो.

निकाल

पाच आठवडे झाल्यावर बोलावलं. निलेश बाहेरगावी. पल्लवी, आर्वी आणि मी. डॉक्टरीणबाईंनी मोठा कागद टेबलावर पसरला. सकाळ एका रंगात, दुपार दुसऱ्या.

"दुसरा डबा जास्त झाला, तो सोडून देऊ. पहिला, पाचवा, काही उपयोग नाही. राहिले तिसरा आणि चौथा." त्यांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. "ही सकाळ बघा. शाळेतल्या बाईंनी सगळ्यात चांगले गुण इथेच दिलेत. भूक चांगली, झोप चांगली, रडणं नाही. माझ्या मनात हाच डबा होता. पण दुपार बघा. काहीच फरक नाही. सातही दिवस."

"मंग?" पल्लवी म्हणाली.

"म्हणजे ही मात्रा हिला पुरत नाही. चौथी घ्यावी लागेल. ती दोन्ही वेळा टिकते. भूक कमी होईल, संध्याकाळी चिडचिड होईल, वजनावर लक्ष ठेवू. उद्या सकाळपासून सुरू करू." मग त्यांनी चष्मा काढला. "एक विचारते, राग मानू नका. सकाळी इतकं छान आणि दुपारी काहीच नाही, हे मला खटकतंय. तिसऱ्या आठवड्यात दुपारची गोळी नक्की पोटात जात होती?"

मी तोंड उघडणार होतो की नव्हतो, मला खरंच सांगता येत नाही. त्याआधी पल्लवी बोलली.

"मॅडम, दुपारची मामाजी देतात. माझी एखादी सकाळची चुकेल, त्यांची नाही चुकणार. त्यांचं आणि माझं पटत नाही, ते मला काहीही बोलतात, पण जे हातात घेतलं ते हा माणूस चोख करतो. अख्खं भिवापूर सांगेल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्हाला काही सांगायचंय?"

"नाई," मी म्हटलं.

वजनकाट्यावर आर्वी उड्या मारत होती. काटा वर जायचा, खाली यायचा. तिचं मुळातच कमी वजन त्या चौथ्या डब्याने आणखी कमी होणार होतं, तिचं संध्याकाळचं हसणं जाणार होतं, आणि तेही मी पारख केली म्हणून. मी हे सगळं समजून तिथे बसलो होतो आणि माझी मान ताठ होती. नवीन डबा पल्लवीने पिशवीत ठेवला. घरी येताना तिने माझ्यासाठी संत्री घेतली. म्हणाली, "तुम्ही दोन-तीन आठवड्यांपासून नीट जेवत नाही, मामाजी." माझ्या जेवणावर तिचं लक्ष होतं हे मला ठाऊक नव्हतं. संत्रं मी सोललं, पण खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

आठ वाजता पल्लवीने चमच्यात दही घेतलं, साखर घातली आणि नवीन डबा उघडला. आर्वी ओट्याजवळ तोंड उघडून उभी होती. पल्लवीने टरफल दोन बोटांत धरलं तसा मी म्हटलं, "थांब वं. देऊ नको."

"काहून?"

"तिसऱ्या डब्यातल्या दुपारच्या मी खाल्ल्या."

"काय खाल्ल्या?"

"गोळ्या. सातही. पोरीले नुसतं दही चारलं."

तिने टरफल हळूच परत डब्यात ठेवलं. झाकण लावलं. दही आर्वीला चाटवून टाकलं. ती ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, मला तेवढंच येतं. ती म्हणाली, "काल मी तिथे काय बोलली, ते ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं."

"आणि चूप बसले."

"हो."

तिने गॅस बंद केला. ऑफिसात फोन करून आज येत नाही म्हणाली. "चला."

"कुठी?"

"जिथे काल सांगायचं होतं तिथे."

आर्वी स्कूटीवर पुढे उभी राहिली. मी मागे बसलो. बाईमाणसाच्या गाडीवर मागे बसायची माझी पहिलीच खेप. मेडिकल चौकात सिग्नलला ओळखीचा पानठेलेवाला हात करून ओरडला, "काय काकाजी, आज सुनेनं उचलून नेलं काय?" मी मान खाली घातली नाही. पल्लवी वाटेत फक्त खड्डा आला की म्हणायची, "धरून बसा."

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा आम्ही बाकड्यावर पहिले होतो. आत गेल्यावर मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. "कालचा कागद खोटा हाय. तिसऱ्या डब्यातल्या दुपारच्या सात गोळ्या या पोरीच्या पोटात गेल्याच नाईत, माझ्या पोटात गेल्या. माझ्या सुनेले माईत नव्हतं. तिनं खुणा केल्या त्या माझ्या तोंडावर विश्वास ठेवून. लिहून घ्या. कॅमेरा लावायचा तर कॅमेरा लावा."

बाईंनी पेन उचललं नाही. मग विचारलं, "धडधड झाली होती?"

"सातही दिवस."

"बीपी कधी तपासलाय?"

"कधीच नाई. मले कायले पाहिजे?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कप्प्यातून पट्टा काढला. "बसा आधी. रागवायचं ते नंतर रागवेन, बरंच रागवायचंय."

मी बसलो, बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.